त्यानं तुला पाहिलं होतं का?

२०२२ साली मी चौऱ्याहत्तर वर्षांचा होतो आणि मुकादम माझ्याहून पाच वर्षांनी मोठे. शनवाऱ्याच्या गेटाजवळ आम्ही रोज सकाळी चहा प्यायचो. रस्त्यात कुठं काही धडकल्याचा आवाज आला की त्यांचा कप खाली. एकदा एका ऑटोनं सायकलवाल्याला मागून ठोकलं. माणसं जमली, आरडाओरडा सुरू झाला. मुकादम काठी टेकत गर्दीत शिरले, दोन बोटं आपल्या डोळ्यांखाली लावली आणि ऑटोवाल्याला विचारलं, "त्यानं तुला पाहिलं होतं का?"

"बाबा, ब्रेक नाही लागला."

"ब्रेकचं नाही विचारलं. त्यानं तुला पाहिलं होतं का?"

"पीछे से कैसे देखेगा?"

"मग चूक तुझी. उचल सायकल."

ऑटोवाल्यानं सायकल उचलली, हँडल सरळ करून दिलं. मुकादम परत येऊन थंड झालेला चहा प्यायले. तुमच्याही गल्लीत असा एखादा माणूस असेल, ज्याचा सगळा न्याय एकाच प्रश्नावर चालतो. लोक हसतात त्याला, पण भांडण झालं की त्यालाच बोलावतात.

हा प्रश्न त्यांनी कुठून आणला ते मला माहीत आहे. आम्ही दोघं कागद कारखान्यात होतो, बांबूच्या यार्डात. ते मुकादम, मी मजूर. बांबूच्या थप्प्या दोन मजली घराएवढ्या उंच. वर एक गडी, खाली एक गडी. वरच्यानं मोळी सोडायच्या आधी ओरडायचं, "आला". खालच्यानं वर बघून उत्तर द्यायचं, "दिसला". उत्तर आल्याशिवाय मोळी सोडायची नाही. साहेब घड्याळ दाखवू देत, नाहीतर ट्रकवाला शिव्या देऊ दे. आमच्यात एक गडी बहिरा होता. तो खाली असला की मुकादम त्यानं मान वर करून हात उचलेपर्यंत थांबायला लावायचे. त्यांच्या पाळीत एकही माणूस दबला नाही. मी चौथी शिकलेला माणूस, पण एवढं लिहितो की असा मुकादम त्या यार्डात दुसरा झाला नाही.

घरीसुद्धा तेच. त्यांच्या बायकोचे, म्हणजे आमच्या वहिनींचे, डोळे हळूहळू गेले. मुकादम उंबऱ्याबाहेर उभं राहून म्हणायचे, "आलो." आतून आवाज यायचा, "दिसले." मग चप्पल काढायची. शेवटची काही वर्षं वहिनींना काहीच दिसत नव्हतं. उत्तर तरी तेच यायचं.

मी एकदा म्हणालो, "मुकादम, वहिनी खोटं बोलतात तुमच्याशी."

"तुला काय कळतं रे फुलबॅक," ते म्हणाले. "तिनं मान वळवली ना दाराकडे? झालं मग."

फुलबॅक मला म्हणायचे. कारखान्याच्या फुटबॉल संघात मी फुलबॅक होतो, आणि नुसता नव्हतो. खांदा असा होता की समोरचा फॉरवर्ड दोनदा विचार करून आत यायचा. मुकादम स्वतः कधी खेळले नाहीत. ते रेफरी. पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला, शिट्टी नाडीला बांधलेली. कोणी पडला की आधी शिट्टी नाही, आधी त्याच्याजवळ बसून त्याच्यापुढे बोटं धरायची, "किती?" बरोबर सांगितलं तर पुढचा खेळ. आमचा गोलकीपर एकदा मुद्दाम "सतरा" म्हणाला. त्याला उरलेला सगळा वेळ बाहेर बसवला.

आमच्या घरात भिंतीवर एक फोटो आहे, फायनल जिंकल्याबरोबर मैदानातच काढलेला. मध्ये मी, हातात कप, मिशा तेव्हा काळ्या. त्या फायनलला भुसावळचे रेल्वेवाले आले होते. बाहेरचा रेफरी यायचा होता, तो आलाच नाही. भुसावळचे लोक म्हणाले, तुमचे मुकादम चालतील, आम्ही ऐकून आहोत. आम्ही एका गोलनं पुढं होतो. शेवटची मिनिटं, त्यांना कॉर्नर मिळाला. त्यांचा सेंटर फॉरवर्ड, उंच, सडपातळ गडी, हेडर मारायला उडाला. मी बाजूनं धावत आलो आणि खांदा त्याच्या बरगडीत घातला. तो हवेतच फिरला आणि मान-खांद्यावर पडला. बॉल बाहेर गेला. शिट्टी वाजली नाही. कप आमचा.

त्या गड्याचा उजवा हात परत कधी खांद्याच्या वर गेला नाही, असं नंतर कानावर आलं. रेल्वेनं त्याला बसून करायचं काम दिलं म्हणे. मी काय म्हणायचो? शिट्टी वाजली नाही, म्हणजे फाऊल नाही. खेळ आहे, बायकांची फुगडी नाही. पन्नासेक वर्षं मी हेच म्हणत आलो आणि कोणी मला अडवलं नाही. फोटोत सगळे कॅमेऱ्याकडे बघताहेत, एकटे मुकादम डावीकडे. मला वाटायचं, डोळ्यांवर ऊन आलं असेल.

आता आमच्या इथं दर वर्षी बक्षिसाची स्पर्धा होते. आमचा काळ गेला, आता संघवाले इंदूर-नागपूरहून पैसे घेऊन खेळणारे आणतात. आधीच्या स्पर्धेत अशाच एका बाहेरच्या बॅकनं इथल्या एका तरण्या पोराला हवेत धडक दिली. केळीच्या गाड्या भरणारा तो, घरातला एकटा कमावता. डोक्याला मार लागून तीन आठवडे त्याला उजेड सहन होत नव्हता. म्हणून कमिटीची बैठक बोलावली. आम्ही पाच जुने लोक आणि एक सेक्रेटरी, तो शाळेत खेळाचा मास्तर. मुकादमांनी नियम मांडला. पाय हवेत आहेत, नजर बॉलवर आहे, अशा माणसाला अंगानं धडक दिली तर लाल कार्ड, आणि उरलेली सगळी स्पर्धा बाहेर.

मी लगेच म्हणालो, "मग कबड्डी बंद करा, कुस्ती पण बंद करा."

"कुस्तीत दोघं एकमेकांकडे बघत असतात," मुकादम म्हणाले.

"धडक मुद्दाम दिली की चुकून, रेफरीला कसं कळणार? त्याला काय मनातलं दिसतं?"

"मनातलं बघायचंच नाही भो. मार खाणाऱ्याचे डोळे कुठं होते ते बघायचं. ते तर कोणालाही दिसतं."

"आणि पोरं नाटकं करतील. वारा लागला तरी पडतील."

"पडू दे. बोटं विचारू."

सेक्रेटरी मध्ये पडला. "दादा, एक बात बोलू? बाहेरचे प्लेयर यायचे बंद होतील. पब्लिक त्यांनाच बघायला येते."

"केळीवाला पण पब्लिकच आहे," मुकादम म्हणाले.

"एकाच्या चुकीसाठी संघाला दहाच जणांवर खेळायला लावता," मी म्हणालो. "बाकीच्यांचा काय दोष?"

यावर त्यांनी मान हलवली. माझं हे म्हणणं त्यांना पटलं असावं. मग म्हणाले, "त्यांचा दोष नाही. पण त्यांच्यातलाच कोणीतरी पुढच्या वेळी त्याला म्हणेल ना, सांभाळून जा म्हणून."

हात वर करायला सांगितलं. दोन बाजूनं, दोन विरुद्ध. राहिलो मी. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणालो, "मी जन्मभर असाच खेळलो. माझ्यावर कधी फाऊल लागला नाही."

तेव्हा मुकादम उठून उभे राहिले. काठी खुर्चीला टेकवली. "लागला नाही, कारण मी वाजवली नाही," ते म्हणाले. "भुसावळच्या मॅचला. शिट्टी तोंडात होती. वाजवली असती तर पेनल्टी होती. समोर कारखान्याची सगळी कॉलनी उभी होती, माझी बायको पण. माझी फुंकच निघाली नाही. चूक माझी आहे, फुलबॅकची नाही. तो खेळाडू, त्याला थांबवायचं काम माझं होतं."

ते मला सोडवत होते. मला मात्र वाटलं, चार लोकांत माझा कप हिसकावला. मी म्हणालो, "इतकी वर्षं रोज माझ्यासोबत चहा प्यायलात, तेव्हा बोलला नाहीत?"

"रोज बोलायला आलो," ते म्हणाले. "रोज चहाच पिऊन गेलो."

मी टोपी उचलली आणि निघालो. सेक्रेटरी मागून म्हणाला, "दादा, वोट?" मी म्हणालो, "नाही देत." त्यानं निर्णय पुढच्या रविवारवर ढकलला.

तीन दिवस मी शनवाऱ्यावर गेलो नाही. चहा घरीच प्यायलो. चौथ्या दिवशी, शुक्रवारी, मुकादम दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत.

नदीवरच्या राजघाटावर नेलं. यार्डातले आता आम्ही चौघंच उरलोय, आम्ही खांदा दिला. घाटाच्या पायऱ्या ओल्या होत्या, म्हणून मी दोन पायऱ्या खाली उतरून तिरडी हातात घ्यायला उभा राहिलो. वरचा गडी जुन्या सवयीनं म्हणाला, "आला."

माझी नजर ओल्या पायऱ्यांवरच राहिली. तो थांबला. त्याच्यामागचे थांबले. भटजी म्हणाले, "चला, चला." कोणी हललं नाही.

"फुलबॅक, उत्तर दे," वरचा हळूच म्हणाला. "मुकादम रागावतील."

मी मान वर केली. "दिसला," म्हणालो. मग ते उतरले.

दुसऱ्या दिवशी वहिनींकडे बसायला गेलो. दारात चपला वाजल्या तशी त्यांनी मान वळवली आणि परत खाली घातली. मी माझं नाव सांगितलं.

"भाऊजी, तुमची वाट बघत होते ते," वहिनी म्हणाल्या. "तीन दिवस चहा न पिताच परत यायचे."

मी भिंतीला टेकून खाली बसलो.

"दर दिवाळीनंतर भुसावळला जायचे, माहीत आहे ना?"

"कशाला?"

"त्या पडलेल्या गड्याकडे. एक केळीचा घड न्यायचे, दुपारपर्यंत बसायचे, परत यायचे. मला म्हणायचे, एकदा फुलबॅकला घेऊन जाईन. पण तुम्हाला विचारायला भ्यायचे."

"मला? मुकादम मला भ्यायचे?"

"तुम्ही चहाला यायचं बंद कराल म्हणून," वहिनी म्हणाल्या.

घरी आलो आणि फोटोसमोर उभा राहिलो. ऊन समोरून नव्हतंच. सगळ्यांच्या सावल्या पुढं पडल्यात. डावीकडे, चौकटीच्या बाहेर, भुसावळवाले त्यांच्या गड्याला उचलत होते. मुकादम तिकडं बघत होते.

रविवारी बैठकीला गेलो. मुकादमांची खुर्ची रिकामी होती, कोणी तिच्यावर पिशवीसुद्धा ठेवली नव्हती. सेक्रेटरीनं विचारायच्या आधीच मी हात वर केला. "मागच्या वेळचा मुकादमांचा हात धरून तीन होतात. नियम लागू करा. आणि आणखी एक लिहा."

"बोला दादा."

"लिहा की भुसावळच्या फायनलला फाऊल झाला होता. माझा."

"दादा, इतक्या जुन्या मॅचचं आता काय? मुकादम तर म्हणाले की शिट्टी त्यांची चूक."

"शिट्टी त्यांची होती. खांदा माझा होता." मग जे मी मुकादमांना कधी सांगितलं नव्हतं ते सांगितलं. "त्याची नजर वर होती. मला ते दिसलं होतं. यार्डात मी एक मोळी कधी उत्तराशिवाय सोडली नाही, आणि त्या गड्यावर अख्खा मी सोडला."

सेक्रेटरीनं माझ्याकडे बघितलं आणि लिहिलं. मी सही केली. सही करायला मला वेळ लागतो, ते सगळे थांबले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी केळीचा एक घड घेऊन भुसावळची गाडी पकडली. पत्ता वहिनींनी तोंडी सांगितला होता, रेल्वेच्या जुन्या वस्तीच्या मागं, दारात पेरूचं झाड. सापडलं. फाटक उघडंच होतं. अंगणात एक उंच म्हातारा पाठमोरा बसला होता, डाव्या हातानं लसूण सोलत. उजवा हात मांडीवर नुसता ठेवलेला.

मी फाटकातच थांबलो. घड खाली ठेवला.

"आलो," म्हणालो.

त्याला ऐकू गेलं नसावं. मी परत म्हणालो, थोडं मोठ्यानं, आणि पाय जागचा हलवला नाही. लसूण सोलणं थांबलं. त्यानं सगळं अंग वळवलं, नुसती मान वळत नव्हती त्याची, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

मग मी आत पाऊल टाकलं.