बाबांनी ताणलेलं जाळं

नव्या जाळ्याचा नायलॉनी वास आला की मला बोईसरजवळच्या, समुद्रकाठच्या नवापूरचं आमचं मासळी सुकवायचं खळं आठवतं. टीव्हीवर टेनिस बघून मी हट्ट धरला, तेव्हा बाबांनी तिथेच दोन बांबूंना मासेमारीचं जुनं जाळं बांधून दिलं. "जाल्याला मधी झोळ नाय पडला पायजे," म्हणत दोर करकचून ताणला. दोन वर्षं मी त्यावरून चेंडू उचलून उचलून मारले. मग बोईसरला पहिली स्पर्धा आली. कोर्टवर पाऊल टाकलं आणि मी पंचांकडे धावलेच, "सर, जाळं मध्ये लोंबतंय!" ते हसले, "मध्ये ते खालीच असतं, बेटा." म्हणजे आजवर मी उगाचच वीतभर उंच मारत होते! त्या दिवशी मी नुसती उधळले. चेंडू जाळ्यात अडकेचना, पलीकडे पडून समोरच्या मुलीच्या डोक्यावरून उसळायचा. जिंकून घरी आले, सगळं सांगितलं, तर बाबा ठामपणे म्हणाले, "मंग त्यांचंच जालं सैल हाय." इतक्या वर्षांनी परवा ग्रँड स्लॅमची पात्रता फेरी जिंकले. कोर्टवरून बाहेर येते न येते, तोच बाबांचा फोन आला, "पोरी, बघितलं मी. एवढी मोठी मानसं, पन जालं अजून सैलच!"