चार वर्षांचा जावई

“आधी मळा बघता, का आधी जेवता?” अविनाशच्या काकांनी विचारलं.

मला दोन्ही नको होतं. मी भोकरजवळच्या त्या गावात उत्तरं गोळा करायला गेले होते. दिल्लीतल्या एका संस्थेत मी संरक्षणविषयक कायद्यांचा अभ्यास करते. म्हणजे बंदूक कधी हातात धरलेली नाही; पण ती धरणाऱ्याची नोकरी किती वर्षांची असावी, यावर पानंच्या पानं लिहिली आहेत.

तेव्हा आमच्या टेबलावर एक खासगी विधेयक होतं. खासगी म्हणजे मंत्र्यांनी नव्हे, साध्या खासदाराने मांडलेलं. अशी विधेयकं बहुधा चर्चेपुरतीच जगतात. मागणी सरळ होती: अग्निवीर चार वर्षांनी घरी परतला की त्याला दुसरी सरकारी नोकरी कायद्यानेच मिळावी. चौघांतला फार तर एक सैन्यात कायम होतो, प्रश्न उरलेल्या तिघांचा. चर्चेत बोलणाऱ्या दुसऱ्या एका खासदारांना आमच्याकडून टिपण हवं होतं. गावाकडच्या घरांना या नोकरीचा भरवसा वाटतो का? वाटत नसेल, तर ते विधेयकाच्या बाजूने बोलणार होते.

“तू तिकडचीच ना? जाऊन ये,” आमचे सर म्हणाले. मी लातूरची. पण दिल्लीहून लातूर-नांदेड एकच दिसतं.

ज्या अग्निवीराच्या घरी मला जायचं होतं, तो अविनाश सीमेवर होता. गावात शिरताना मी पारापाशी गाडी थांबवून त्याचं घर विचारलं. लोकांनी काम विचारलं. “दिल्लीहून आलेय, कायद्याचा अभ्यास करतेय. मूळची लातूरची,” मी खरं ते सांगून टाकलं. माणसं एकमेकांकडे बघून हसली.

“हाव हाव, असू द्या,” एक म्हातारे म्हणाले. “नीट करा अभ्यास.”

अभ्यास फारच सोपा गेला. मुलगा कसा? “सुपारीचं खांड तोंडात टाकत न्हाई.” घर कसं? “देवमाणसं.” आणि चार वर्षांनी काय? “पक्का होनार की! साहेब लई खूश हायत त्याच्यावर.” किराणावाला, मास्तर, शेजारीण, सगळ्यांचं तेच. काका तर म्हणाले, “चार वर्षं ते निस्तं कागदावर.” एवढं एकमत मी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. लोक साध्या पाणीटंचाईवरसुद्धा असं एकमुखाने बोलत नाहीत.

जेवणानंतर सरांचा फोन आला. “काय दिसतंय?”

“भरवसा दिसतोय. पण सर, सगळे पाठ केल्यासारखं बोलतायत. संध्याकाळपर्यंत थांबा.”

“गुड,” सर म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. माझ्या वाक्याचा पहिला अर्धा भाग त्यांना नेहमी पुरतो.

अविनाशची आई, सुमनमावशी, दिवसभर एक शब्द बोलली नव्हती. मी निघाले तशी तिने कुंकू लावलं, ओटी भरली आणि हळूच विचारलं, “ताई, मुलगी तुमची कोन? भाची का पुतनी?”

“कोणती मुलगी?”

विचारता विचारता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्याकडे रीतच आहे. स्थळाचं बोलणं लागायच्या आधी मुलीकडचं कुणीतरी गुपचूप चौकशीला येतं. खरं काम सांगायचं नसतं. कुणी खताचं निमित्त काढतं, कुणी बैल बघायला आल्याचं सांगतं. मी दिल्लीचा कायदा सांगितला, म्हणजे जरा बऱ्या घरचं स्थळ. त्यात मी शेती विचारली, व्यसन विचारलं, नोकरीचं पुढे काय तेही विचारलं. लग्नाच्या मुलाच्या गावाने आणखी काय सांगायचं?

मी संस्थेचं ओळखपत्र काढलं. “मावशी, मी खरंच कायद्याच्या कामाला आलेय.”

ती ओसरीवर टेकली. “मग खरं सांगते. आलेली स्थळं परत गेली. ‘पक्का झाला की कळवा’ म्हनतात. पोरगं फोनवर म्हनतं, आई, मी इथं बर्फात हुभा हाय आन् तुमी तिथं माझी नोकरी झाकून राहिलात. चार वर्षं भरल्यावर त्यानं काय करावं, तुमीच सांगा.”

मला फार वाईट वाटलं. नारळ परत करावासा वाटला. पण तो आणखी मोठा अपमान झाला असता.

नांदेडला पोचल्यावर मी टिपण लिहून सरांना पाठवलं. भरवसा असता, तर अख्ख्या गावाला एका पोरासाठी खोटं बोलावं लागलं नसतं, असं स्पष्ट लिहिलं.

“अगं, मी दुपारीच कळवलं त्यांना,” सर फोनवर म्हणाले. “भाषण तयार झालं.”

“मग दुरुस्ती कळवा.”

“कळवतो. तळटीप जोडतो.”

भाषणात तळटीप कशी वाचतात, असं मी विचारलं. सरांना दुसरा फोन येत होता.

खासदार उभे राहिले आणि म्हणाले, मराठवाड्यातल्या गावांचा या नोकरीवर पूर्ण भरवसा आहे, विधेयकाची गरजच काय? मांडणाऱ्याने विधेयक मागे घेतलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्याने कुणाचं काही अडलं नाही.

काही आठवड्यांनी सुमनमावशीचा फोन आला. “ताई, जमलं अविनाशचं! मुलगी निलंग्याकडची.”

“अरे वा! कसं जमलं?”

“त्या खासदाराचं भाषन मोबाईलवर आलं न्हवं का. मुलीचा बाप म्हनला, पार दिल्लीत भरवशाची नोकरी म्हनून राहिलेत, मग आपन कशाला शंका काढा? चार वर्षं भरायच्या आत उरकून टाकू.” मग तिचा आवाज खाली आला. “ताई, ते बोलले ते खरं हाय ना?”

तो भरवसा तिच्याच ओसरीवरून दिल्लीला गेला होता आणि शिक्का लागून निलंग्याला उतरला होता. हे मला तिला सांगवेना.

“मावशी, ते भाषण होतं.”

“हाव,” ती म्हणाली. “मला वाटलंच. पन लग्नाला या.”

नव्या संशोधकांना मी आता एकच सांगते: प्रश्न विचारण्याआधी, समोरच्याला आपण कोण वाटतो ते विचारून घ्या. लग्नाला मी जाणार आहे. मुलाकडून की मुलीकडून, ते मांडवात विचारतीलच. पत्रिका आली आहे. अविनाशच्या नावाखाली ठळक अक्षरांत ‘भारतीय सैन्य’ छापलंय. किती दिवस, ते छापलेलं नाही.