हळू आवाजाचं घर

जान्हवी परबला सुट्टी हवी होती, पण सुट्टी घेऊन जायचं कुठे हे तिला ठाऊक नव्हतं. चव्वेचाळीस वर्षांची ही बाई मुलुंड पूर्वेला म्हाडाच्या वसाहतीत, दुसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत आणि स्वयंपाकघरात वडिलांबरोबर राहत होती. आई सुगंधा जाऊन बरीच वर्षं झाली होती. जान्हवीचं लग्न झालं नव्हतं, आणि का झालं नाही हे विचारणारी माणसंही आता उरली नव्हती.

ती एका पॅथॉलॉजी लॅबचे फोन घ्यायची. रक्ततपासणीसाठी माणूस घरी कधी येईल याची वेळ ठरवून द्यायची आणि "बारा तास उपाशी राहायचं, पाणी चालेल" हे वाक्य दिवसभर म्हणायची. पूर्वी हे काम अंधेरीच्या ऑफिसात चालायचं. सोबत पाच-सहा बायका असायच्या, डबे उघडले की भाज्यांची अदलाबदल व्हायची. लॉकडाऊनमध्ये लॅबने सगळ्यांना घरी बसवलं आणि नंतर ती जागाच सोडून दिली. तेव्हापासून स्वयंपाकघराच्या दारातलं घडीचं टेबल हेच तिचं ऑफिस झालं होतं.

कॉल रेकॉर्ड व्हायचे. मागून टीव्हीचा, भांड्याचा, माणसाचा आवाज आला की मार्क कापले जायचे. त्यामुळे कुकरच्या शिट्टीसाठीसुद्धा दोन कॉलच्या मधली फट शोधावी लागायची. वडील, धाकू परब, पंचाहत्तरीच्या पुढचे. तरुणपणी गिरणीत होते, संपानंतर भांडुपच्या एका कारखान्यात वॉचमन झाले. दोन वर्षांपूर्वी जिन्यात पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून त्यांचं खाली उतरणं बंद झालं. ते खाटेवर बसून आवाज बंद केलेला टीव्ही बघायचे. काही सांगायला तोंड उघडलं की जान्हवी हेडसेटवर हात ठेवून म्हणायची, "बाबा, कॉल चालू आहे." ते मान हलवायचे. हळूहळू त्यांनी तोंड उघडणंच सोडून दिलं. जान्हवीला वाटलं, वय झालं, माणूस शांत होतो.

तिचा धाकटा भाऊ सर्वेश चारकोपला राहायचा. सेक्टरमधलं त्याचं घर तळमजल्यावर होतं, दार उघडलं की गल्ली. बाबांना थोडे दिवस पाठव, असं त्याने दोन-तीनदा म्हटलं होतं. "त्यांना तुझ्याकडे करमायचं नाही," म्हणून ती टाळत आली होती. पण त्या डिसेंबरात तिची पाठ इतकी धरली की डॉक्टरांनी चार दिवस विश्रांती घ्यायला सांगितलं, आणि तिने भावाला फोन केला.

महाबळेश्वरला जायचा तिचा विचार होता. तिचा टीम लीडर चैतन्य, तिच्याहून पंधरा वर्षांनी लहान, फोनवर म्हणाला, "चार दिवस फुल सुट्टी नाही होणार गं. हेल्थ चेकअपचा सीझन आहे. तू असं कर ना, लॅपटॉप घेऊन जा. सकाळची शिफ्ट कर, अकराला बंद कर, मग दिवस तुझा. झकास."

तिला ते बरंच वाटलं. महाबळेश्वरला नेटचा भरवसा नाही, शिवाय बाबांना काही झालं तर परत यायला वेळ लागेल, म्हणून तिने पवईत हॉटेलची खोली घेतली. घरापासून रिक्षाने जेमतेम अर्धा तास. सर्वेशला तिने फक्त "बाहेर जातेय" एवढंच सांगितलं. आपल्याच शहरात पाहुणी म्हणून राहायला जातोय, हे सांगायला तिला लाज वाटली.

गुरुवारी सर्वेश गाडी घेऊन आला, बाबांना धरून जिना उतरवला आणि घेऊन गेला. जान्हवी बॅग घेऊन पवईला पोचली. खोली स्वच्छ होती. खिडकीतून समोरच्या इमारतीचे एसी दिसायचे, आणि दोन इमारतींच्या मधल्या फटीत तलावाचा एक पट्टा. टेबल होतं, खुर्ची पाठीला बरी होती.

शुक्रवारी सकाळी ती कामाला बसली. अकराला बंद करणार तेवढ्यात चैतन्यचा मेसेज आला, कुणाचं तरी नेट गेलंय, जरा थांबशील का. थांबता थांबता दोन वाजले. मग ती तलावाकाठच्या वाटेवर गेली. मगरींपासून सावध राहण्याचा फलक वाचला, बाकावर बसली. कॉलेजची पोरं जोडीजोडीने फिरत होती. कुत्र्याला फिरवणारी एक बाई तिच्याकडे बघून हसली आणि पुढे गेली. संध्याकाळी एका हॉटेलात शिरल्यावर वेटरने विचारलं, "किती जण?"

"एकटीच."

त्याने तिला हात धुण्याच्या बेसिनजवळचं टेबल दिलं. सुरमईचं ताट मागवलं. पहिला घास घेतल्यावर बाबांसाठी बांधून घ्यावं असं मनात आलं, आणि मग आठवलं की बाबा घरी नाहीत.

खोलीत परतल्यावर तिच्या लक्षात आलं की इथे कुणाला गप्प करायचं नव्हतं. इतकी वर्षं ती ज्या शांततेसाठी धडपडत होती, ती इथे भिंतीपासून भिंतीपर्यंत होती. तिने टीव्ही लावला, आवाज वाढवला, आणि काय बघायचं ते न सुचून बंद केला.

शनिवारी सकाळी घाटकोपरहून एका म्हाताऱ्या बाईंचा फोन आला. नाव चंपा गायकवाड. साखरेची तपासणी करायची होती.

"बारा तास उपाशी राहायचं, आजी. पाणी चालेल."

"उपाशी राहायचं काय एवढं, बाई. एकटीचा सैपाक करायचा म्हणजे कंटाळाच. आमचे हे होते तेव्हा भाकऱ्यांची चळत लागायची. आता एका भाकरीसाठी कोण पीठ मळणार? तू जेवलीस का गं?"

असं विचारणाऱ्यांना पुढे सरकवायची पद्धत जान्हवीला तोंडपाठ होती. पण त्या दिवशी तिने ती वापरली नाही. "नाश्ता झाला, आजी," ती म्हणाली, आणि बाई बोलत राहिल्या. गाव जालन्याकडचं, नवरा महापालिकेत होता, मुलगी दुबईला. मुलगी रविवारी फोन करते, पण तिच्या मागे तिची पोरं ओरडत असतात. "तिला म्हणते, ओरडू दे गं, तेवढाच आवाज ऐकू येतो." जान्हवी ऐकत राहिली. फोन ठेवल्यावर लगेच चैतन्यचा मेसेज आला. 'कॉल खूप लांबला. सगळं ओके ना?' तिने अंगठा पाठवला.

दुपारी तिची जुनी मैत्रीण सपना भेटायला येणार होती. अंधेरीच्या ऑफिसात दोघी शेजारी बसायच्या. दीडच्या सुमारास सपनाचा फोन आला. "सॉरी यार, माझ्यावर डबल शिफ्ट आलीये. पुढच्या वेळी नक्की. तू मस्त आराम कर ना." जान्हवी म्हणाली, "चालेल गं." मग तिने बाबांना फोन लावला. बराच वेळ वाजला. उचलला तेव्हा मागे माणसांचा गलका होता.

"बाबा, जेवलात का? गोळी घेतलीत?"

"होय गो, घेतलंय. मागाहून फोन कर, हंय डाव चालू आसा."

आणि फोन बंद झाला. वडिलांनी तिचा फोन असा कधी बंद केला नव्हता.  मग तिने बॅग भरली. खोली रविवारपर्यंतची होती, पण ती रिक्षा करून चारकोपला गेली.

गल्लीच्या तोंडाशी मारुतीचं लहानसं देऊळ आहे आणि त्याला लागून कट्टा. रिक्षातून उतरताना तिला आधी आवाज ऐकू आला. मोकळा, खणखणीत आवाज, मध्येच हसणारा. तो बाबांचा आहे हे कळायला तिला एक क्षण लागला.

कट्ट्यावर पत्ते बाजूला पडले होते. बाबा काठीवर दोन्ही हात ठेवून गोष्ट सांगत होते, आणि शेजारी त्यांच्याच वयाचे बाळा सावंत मांडीवर थाप मारत होते. सावंतांचं गाव कुडाळकडचं, परबांच्या गावापासून दोन डोंगरांवर. गोष्ट आईची होती. लग्नानंतर बोटीने तिला मुंबईला आणलं, तर धक्क्यावर पोचल्यावर सुगंधा उतरायलाच तयार होईना. एवढी माणसं बघून म्हणाली, परत फिरवा बोट. खलाशाने समजावलं, बाबांनी समजावलं, शेवटी एका कोळणीने हात धरून उतरवलं. जान्हवीने ही गोष्ट कधीच ऐकली नव्हती. ती बॅग हातात धरून उभी राहिली. बाबांनी तिला पाहिलं आणि ते गप्प झाले.

तिला ते गप्प होणं दिसलं. नेमकं ते दिसलं.

घरात सर्वेशची बायको मनाली चहा करत होती. "ताई, तुम्ही उद्या येणार होतात ना?" असं म्हणून तिने कप पुढे केला. चहा झाल्यावर सर्वेश जमिनीकडे बघत म्हणाला, "ताई, बाबा इथेच राहतो म्हणतात."

"म्हणजे किती दिवस?"

मनाली रिकामे कप गोळा करू लागली. जान्हवीने वडिलांकडे पाहिलं. "माझं काय कमी पडलं, बाबा?"

"कमी कायएक पडाक नाय. सगळा केलंस तू." त्यांनी काठीची मूठ अंगठ्याने घासली. "माझो तुझ्यार राग नाय. तुझा काम आसा, ता करूकच व्हया. पण पाच वर्सां मी तोंडार हात धरून खोकतंय, जानू. हंय माका बोलूक गावता."

तिला सांगायचं होतं की ते काम दोघांच्या पोटासाठीच होतं. गप्प बसायला लावून आपणही गप्पच होतो, हेही सांगायचं होतं. पण सर्वेश आणि मनाली समोर होते, आणि बाबांच्या चेहऱ्यावर जी भीती होती ती तिला बघवेना. ती हट्ट करेल, ओढून नेईल, अशी ती भीती होती.

"राहा," ती म्हणाली. "तुमचे कपडे पुढच्या रविवारी आणून देते."

मनालीने तिला राहण्याचा आग्रह केला. ती थांबली नाही, सकाळी शिफ्ट होती. हॉटेलात परत जावंसंही वाटलं नाही, म्हणून ती सरळ मुलुंडला आली. घर दोन दिवसांपूर्वी होतं तसंच होतं. तिने खाटेवरची चादर काढून धुवायला टाकली आणि दुसरी अंथरली. मग ती कुणासाठी अंथरली हे न कळून तिथेच बसली.

त्यानंतर तिचे मार्क सुधारले. मागचा आवाज शून्य, असा शेरा आला आणि चैतन्यने ग्रुपवर तिचं अभिनंदन केलं. अकरानंतर तिला वेळ असायचा, कारण सकाळची शिफ्ट तिने पुढेही चालू ठेवली. ती मिठागरांकडच्या रस्त्याने चालायला जायची. एकदा नाटकाचं तिकीट काढून एकटीच बघून आली. पाठ बरी झाली. कुणी विचारलं असतं तर तिने सगळं ठीक आहे असंच सांगितलं असतं, आणि ते खोटंही नव्हतं.

दर रविवारी ती चारकोपला जाते. पहिल्या दोन-तीन वेळा ती आली की बाबा जपून बोलायचे, वाक्य अर्ध्यावर सोडायचे. मग तिनेच एकदा म्हटलं, "ते बोटीचं पुढे काय झालं?" बाबांनी तिच्याकडे नीट पाहिलं आणि सांगायला लागले. आता ती कट्ट्याच्या कडेला बसून ऐकते. बोलण्यात येणारी बहुतेक माणसं तिला माहीत नसतात. झिलो नावाचा कुणी, कुठली गिरणी, कुणाच्या बागेतला फणस. विचारलं तर गोष्ट मोडते, म्हणून ती विचारत नाही.

मागच्या रविवारी कट्ट्यावर एक नवे गृहस्थ आले होते. त्यांनी तिच्याकडे बघून विचारलं, "ह्या कोण?"

"माझा चेडू," बाबा म्हणाले. "मुलुंडाक रवता, एकटाच." त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला, आणि बाळा सावंतांकडे वळून म्हणाले, "हां, तर मी काय सांगत होतंय?"