लग्नातलं पागोटं

कल्याणच्या यार्डात मालगाडीचा सुटा डबा येऊन एका हमालाचा पाय चिरडला, म्हणून त्याने रेल्वे कंपनीवर भरपाईचा दावा लावला होता. मी ठाण्याच्या कोर्टात कारकून होतो. "फाटकं नेसून, कण्हत ये," असं त्याच्या वकिलाने बजावलं होतं. तो आला लग्नातलं पागोटं बांधून, ताठ.

कंपनीच्या वकिलाचं उपरणं रेशमी, विनोद मात्र जाडाभरडा. "जखमी कोण, हा नवरदेव?"

"भीक मागायची असती तर फाटकं नेसलो असतो, रावसाहेब. मी माझं मागायला आलोय."

मुन्सफांनी पाय उघडून पाहिला. निकाल त्याच्या बाजूने लागला.

तो ताठच बाहेर पडला. कोर्टाच्या आवारातल्या चिंचेमागे, कोणी पाहत नाहीसं वाटल्यावर, त्याने पागोटं जपून बाजूला ठेवलं आणि मग कण्हला.