अर्विंगचा फराळ संघ

जगन्नाथकाकांना युरोपचं भारी वेड. जन्मभर सांगलीच्या शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं आणि निवृत्तीनंतर लेकीकडे अमेरिकेत, टेक्सासमधल्या अर्विंगला आले, तरी युरोपियन युनियनच्या बातम्यांशिवाय सकाळचा चहा त्यांच्या घशाखाली उतरत नसे. क्रोएशिया युनियनमध्ये आला तेव्हा त्यांनी घरात शिरा करायला लावला होता. ब्रिटन बाहेर पडलं त्या दिवशी मात्र ते जेवले नाहीत.

"बाबा, आपला काय संबंध?" देवयानी, म्हणजे लेक, म्हणाली. काकांनी बातम्यांचा आवाज वाढवला.

त्यामुळे कॉलनीतल्या मराठी घरांनी दिवाळीचा फराळ वाटून करायचं ठरवलं, तेव्हा अध्यक्ष कोण हा प्रश्नच उरला नाही. कुणी लाडू करायचे, कुणी चिवडा, मग सगळ्यांनी अदलाबदल करायची. काकांनी त्याला 'फराळ संघ' नाव दिलं आणि नियम केले. एमएस करणारा अनिश दुकानातली शेव आणून सभासद होऊ बघत होता, त्याला त्यांनी, युरोपने टर्की देशाला वर्षानुवर्षं ठेवलंय तसं, उमेदवार म्हणून दारातच ताटकळत ठेवलं. काकांचं बरं चाललं होतं. लेक-जावई दिवसभर कामात, स्वतःला ड्रायव्हिंग येत नाही. पण संघामुळे फोन वाजायचा, माणसं चहाला थांबायची. अध्यक्षपद गेलं असतं तर काकांचा दिवस खायला उठला असता.

यंदा चकलीवाल्या रत्नाचा फोन आला. "काका, मी युनियन सोडतेय. दरवर्षी चकल्या माझ्याच गळ्यात. सोऱ्या फिरवून खांदा गेला यार. पण लाडवांसाठी डबा पाठवीन हं."

काकांना खरं तर राग यायला हवा होता. त्याऐवजी त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. बाहेर पडून वर फायदे मागणारं ब्रिटन आपण होऊन दारात चालून आलं होतं. त्यांनी तातडीने सभा बोलावली आणि उभं राहून ठराव मांडला, "जे घर पदार्थ करणार नाही, त्याला फराळ नाही. अपवाद नाही."

सगळ्यांचे हात वर झाले. रत्नाचाही झाला, तेव्हाच काकांनी सावध व्हायला हवं होतं.

"अग्री. मग मी करते चकल्या," रत्ना म्हणाली. "पण काका, तुमच्या घरी काय होतं?"

काकांनी छाती पुढे काढली. "मार्गदर्शन."

"ते तळता येतं का?"

देवयानीने कपाळावर हात मारला. "बाबा, तुम्ही आपल्यालाच बाहेर काढलंत."

काकांना एकदम रडू आल्यासारखं झालं. अध्यक्षपद रत्नाकडे गेलं आणि काका उमेदवार झाले, तेही अनिशच्या मागे. दोन दिवस फोन वाजला नाही. तिसऱ्या दिवशी रत्ना भाजणी आणि सोऱ्या घेऊन आली. "फिरवा. हीच कंडिशन."

काकांनी घाम गाळून फिरवला. एक चकली धड वळेना, तेलात तुकडेच तुकडे झाले. संघाने ते चिवड्यात घातले आणि चर्चा करून काकांना आत घेतलं.

"आणि मी?" दारातून अनिशने विचारलं.

सगळ्यांनी सवयीने काकांकडे पाहिलं. काका उठले, त्याच्या हातातली शेवेची पिशवी घेतली आणि स्वतःच्या शेजारची खुर्ची ओढली. "बस रे बाबा," ते म्हणाले. "दारात उभं राहून पाय फार दुखतात."