बाहेरून आरसा, आतून काच

"म्हातारी नटायली बघा!"

असं म्हणून चेअरमनसाहेबांनी मांडीवर थाप मारली आणि सोफ्यावर बसलेले संचालक पोट धरून हसले. एकाच्या नाकातून सरबत आलं. काचेच्या पलीकडे, भर उन्हात, एक बाई उभी होती. तिनं बोट जिभेला लावलं, कपाळावर घामानं पसरलेलं कुंकू पुसून गोल केलं. पदर डोक्यावरून घेतला. कानावरची पांढरी बट आत खोचली. पुन्हा काचेत बघितलं. पुन्हा पदर.

मी शिडीवर उभा होतो. हातात रबरी पट्टी, अंगावर साबणाचं पाणी.

"ए मिस्त्री, बाजूला सरक बे. सिनेमा अडायलाय."

मी सरकलो.

ती बाई माझी आई होती.

आता जरा दमानं घ्या. गोष्ट चवीनं सांगायची ही माझी खोड आहे. टपरीवर ही सांगायला लागलो की चहा गार होतो आणि बाकडं हसून हसून हलतं. चेअरमनचा आवाज काढतो, शिपायाची मान कशी वळली ते उठून करून दाखवतो. पण आईची नक्कल मी करत नाही. तिथं आलो की हात खाली ठेवतो.

आधी काच सांगतो.

दुष्काळाचं साल होतं. पाटोद्याकडच्या आमच्या भागात विहिरीत उतरलं तरी पायाला धूळच लागायची. तालुक्याच्या एका दूध संघानं जनावरांची छावणी घेतली होती. चारा तिथं, पाण्याचा टँकर तिथं. कोणाच्या जनावराला दावण, म्हणजे छावणीत बांधायची जागा, द्यायची आणि कोणाच्या नाही, हे चेअरमन तोंडी ठरवायचे. म्हणून सगळा तालुका सकाळपासून संघाच्या ऑफिसपुढं उभा.

आणि ऑफिस कसं? नवंकोरं. समोरची अख्खी भिंत काचेची, तीही पश्चिमेला तोंड करून. मराठवाड्यात! ज्यानं तो नकाशा काढला त्याला एक उन्हाळा आत कोंडायला पाहिजे होता. दारापुढं मोठा कडुलिंब होता. त्यानं काच झाकली जाते, इमारतीचा रुबाब दिसत नाही, म्हणून तो तोडला. बुंधा तेवढा राहिला. त्यावर शिपाई रंगनाथ स्टूल ठेवावं तसा बसायचा.

दुपार झाली की आत भट्टी. एसी धापा टाकायचा. लाल मखमली सोफ्याचा रंग उडून गाजराच्या किसासारखा झाला होता. पण चेअरमनचं खरं दुःख फोटोंचं. भिंतभर फोटो: हार घालताना, हार घेताना, कोनशिलेपुढं, व्यासपीठावर. उन्हानं आधी गुलाल खाल्ला, मग फेटे, मग चेहरे. एका फोटोत कुठल्या तरी बड्या पुढाऱ्याच्या शेजारी नुसता एक कोट उभा होता. आत माणूस नाही.

"हा मी हाय," चेअरमन कोटावर बोट ठेवून मला म्हणाले. "काय तरी कर."

मी शहरात गाड्यांच्या काचांना काळी फिल्म लावायला शिकलेला. पोलिसांनी त्या काळ्या काचांचा पिच्छा पुरवला तसा इमारतींकडं वळलो. मी त्यांना साधी फिल्म सांगितली. काचेवर आहे की नाही ते कळतही नाही; उजेड येतो, ताप बराच थांबतो, आणि ज्या किरणांनी रंग उडतो ते किरण आत येत नाहीत. सोफा वाचेल, फोटो वाचतील.

"ते ठीक हाय," चेअरमन म्हणाले. "पण आतून बाहेरचं दिसलं पायजे आणि बाहेरून आतलं न्हाई. हाय का तसली?"

"हाय. आरसा म्हणतो आमी तिला."

"मंग तीच लाव. दिवसभर नुस्ते काचंला नाक लावून उभे राहत्यात. चहा बी घशाखाली उतरत न्हाई."

आरशाची गंमत अशी आहे. ज्या बाजूला उजेड जास्त, त्या बाजूच्या माणसाला स्वतःचं तोंड दिसतं. ज्या बाजूला उजेड कमी, तो पलीकडचं सगळं बघतो. दिवसा उजेड बाहेर असतो. दिवे लागल्यावर काय होतं, हे त्यांनी विचारलं नाही.

फिल्म ओल्यानं लावतात. काचेवर साबणाचं पाणी फवारायचं, वर फिल्म सरकवायची आणि रबरी पट्टीनं पाणी निपटून काढायचं. टँकरचं पाणी खारट. ते वाळलं की फिल्मखाली पांढरे डाग पडतात. म्हणून माझ्यासाठी गोड्या पाण्याचे जार आले. माझ्यासाठी म्हणजे काचेसाठी. मी जारातलं पाणी फवाऱ्यात भरत होतो आणि माझाच घसा कोरडा पडला होता. मी तिथला एक ग्लास उचलला.

"ते काचंचं हाय," चेअरमन म्हणाले. "तुला बाहेर टँकरवर मिळंल. कोयत्याचं पोरगं ना तू? सवय हाय तुमाला."

ऊसतोडीला नवरा-बायको जोडीनं जातात. त्या जोडीला आमच्याकडं एक कोयता म्हणतात. माणसं दोन, मोजायचं हत्यार. मी त्या कोयत्याचा पोरगा. ग्लास खाली ठेवला. काच पाणी प्याली.

दुपारपर्यंत एक सोडून सगळ्या काचा झाल्या. त्या एकीवर तेवढ्यापुरती बाहेरून ताडपत्री टाकली होती. खोलीतला ताप उतरला. एसीची धाप थांबली.

"वा! सावली पडली की बे," चेअरमन म्हणाले.

सावली पडली नव्हती. ऊन माघारी फिरलं होतं. हे मला शिडीवरून दिसलं. आत जे येत नव्हतं ते काचेवर आपटून बाहेरच्यांच्या तोंडावर पडत होतं. वर एक सूर्य, समोर दुसरा, मध्ये माणसं. लोक डोळ्यांवर हात धरून मागं सरकत होते, तर मागं रस्ता. परत पुढं येत होते. तोडलेल्या लिंबाच्या बुंध्याभोवती गोल उभे होते, जुनी सवय म्हणून. सावलीच्या जागेला.

आणि मग आत खेळ सुरू झाला.

बाहेर एवढा मोठा आरसा उगवल्यावर माणूस काय करणार? बघणारच. एक पैलवान गडी मिशी पिळून गेला. एकानं दातातली सुपारी काढली. एक म्हातारा स्वतःला बघून दचकला, मग ओळख पटल्यासारखा जवळ गेला. आत टाळ्या. "ह्याला घ्या रं छावणीत!" संचालक एकमेकांना कोपरानं ढोसत होते. सरबताची दुसरी फेरी आली. मीही गालात हसत होतो. खोटं कशाला बोलू, पैलवान होताच तसा.

मग आई आली.

मी शहरात राहायचो, ती गावात. मी इथं कामाला आलोय हे तिला ठाऊक नव्हतं. बा रस्त्याच्या कडेला बैल धरून उभा होता. दोन बैल, बरगड्या दूरवरून दिसत होत्या. दावण मिळाली नाही, तर बैल बाजारात जाणार. व्यापारी टपूनच बसले होते. आणि बैल गेले की गाडी गेली, गाडी गेली की पुढच्या हंगामाला ऊस गाडीऐवजी डोक्यावर. तेवढ्यासाठी ती आली होती. चेअरमनपुढं जायचं म्हणून तोंड नीट करत होती.

नटत नव्हती. नीट होत होती.

रंगनाथ तिला सांगत होता, काचेतून ऐकू येत होतं, "साहेब न्हाईत, मावशी. अंबाजोगाईला गेलेत, दवाखान्यात."

"कावून? काय झालं त्यांला?"

"छातीत दुखायलंय."

"अगं माय. मंग आमी थांबतो."

इथं संचालक सोफ्यावर आडवे झाले. चेअरमननं छातीला हात लावून कण्हून दाखवलं. आई काचेखाली, परतून आलेल्या उन्हात, बसली.

मी शिडीवरून उतरलो.

"साहेब," मी म्हणालो, "ती माझी आई हाय."

हसू बंद. एक जण सरबताच्या ग्लासात बघायला लागला. पण चेअरमन कच्चे नव्हते. दोन क्षणांत त्यांचा चेहरा मायाळू झाला. हे मी टपरीवर फार छान करून दाखवतो.

"आरं, मंग आधी सांगायचं न्हाई का? आपलीच माणसं तुमी. असं कर, ती शेवटची काच झटक्यात उरक. मंग तिला मागच्या दारानं आत घे. गुपचूप. दोन बैल ना? देतो दावण. फक्त बाकीच्यांला कळू देऊ नको, न्हाई तर सगळेच मागं लागतील."

हिशोब सरळ होता. एक काच लावली की बैल वाचत होते. बाचे बैल. मी त्यांच्या पाठीवर बसून लहानाचा मोठा झालो, साखर कारखान्यांच्या तळावर त्यांच्याच पोटाला चिकटून थंडीत झोपलो.

मी शिडी शेवटच्या काचेकडं उचलली. फिल्म कापली. फवारा मारला. हात आपला चालत होता. शेजारच्या काचेपाशी आई उठून उभी राहिली होती. आत खरंच कुणी नाही का, हे बघायला तिनं डोळ्यांवर आडवा हात धरला आणि तोंड काचेजवळ आणलं. मी तिच्यासमोर होतो. वीतभर अंतर. मध्ये काच आणि मी लावलेली फिल्म. तिनं सरळ माझ्या डोळ्यांत बघितलं.

आणि पदर नीट केला.

मी शेवटच्या काचेची फिल्म खाली टाकली. आईसमोरच्या काचेच्या कोपऱ्यात नख घातलं. ताजी फिल्म बरेच दिवस कच्ची असते, ओल धरून असते. मी दोन्ही हातांनी धरून खाली ओढली. सापाची कात निघावी तशी ती अख्खी निघाली. तिचा आवाज अजून माझ्या कानात आहे. फर्रर्र.

पडदा उघडला!

आत चेअरमन. बनियनवर. एक पाय टीपॉयवर, हातात लिंबाचं सरबत, छातीवर टॉवेल. आजूबाजूला संचालक मंडळ. आणि बाहेर, काचेकडं पाठ करून, रंगनाथ एका शेतकऱ्याला समजावत होता, "आरं बाबा, अंबाजोगाईला अॅडमिट केलंय त्यांला. दोन-तीन दिवस न्हाई यायचे."

शेतकरी त्याच्या खांद्यावरून आत बघत होता. सगळेच बघत होते. कुणी ओरडलं नाही. रंगनाथला ती शांतता पाठीला टोचली. त्याची मान हळूहळू वळली. ती मान मी करून दाखवतो.

आई म्हणाली, "रंगनाथा, लई लवकर बरे झाले रं तुझे साहेब."

हसू फुटलं. पण ते हसू बरं नव्हतं. तेवढी माणसं एकदम पायऱ्या चढली. चेअरमन सदरा शोधत होते.

मग आईची नजर माझ्यावर पडली. रबरी पट्टी, भिजलेला शर्ट, पायाशी फिल्मचा गोळा. ती हसली नाही.

"आरं," ती काचेतून म्हणाली, "तू आत काय करायलास?"

एवढंच. लोकांनी माझी कॉलर धरली असती, चेअरमननं मुस्काटात मारली असती, तरी एवढं लागलं नसतं. जन्मभर बाहेर उभे राहिलेल्यांचा पोरगा मी. मला आत घेतलं होतं ते बाहेरच्यांना आंधळं करायला. आणि माझ्या आईला त्याच हातांनी मी आंधळं केलं होतं.

मी पुढच्या दारानं बाहेर आलो. हत्यारं आतच राहिली. चेअरमन मागून ओरडले, "तुझ्या आईचे बैल बघतो मी आता!"

त्यांनी शब्द पाळला. लोक पायऱ्यांवरून हटेनात, तेव्हा त्यांना सदरा घालून बाहेर यावं लागलं आणि सगळ्यांदेखत दावणी वाटाव्या लागल्या. पैलवानाची म्हैस छावणीत गेली. दचकलेल्या म्हाताऱ्याची गाय गेली. आईची पाळी आली तशी चेअरमन म्हणाले, जागा भरली.

बैल बाजारात गेले. त्यांना नेताना मीच कासरा धरला होता. बा आला नाही. त्या हंगामापासून आई डोक्यावर मोळ्या वाहू लागली. तिची मान पुढं जन्मभर डावीकडं कललेली राहिली, ती तिथून.

बाजारातून परत येताना मी तिला म्हणालो, "मी गप काच लावली असती तर बैल राहिले असते. तुला मागच्या दारानं घेणार होते."

ती चालत राहिली. मग म्हणाली, "मागल्या दारानं आत गेले असते, तर मलाबी आतून हसावं लागलं असतं."

आज बीडला माझं स्वतःचं दुकान आहे. शाळेच्या खिडक्यांना, दवाखान्याच्या वॉर्डांना, पश्चिमेच्या खोलीत भाजणाऱ्या म्हाताऱ्यांच्या घरांना मी आनंदानं फिल्म लावतो. साधी, आरपार दिसणारी. ऑफिसचं काम आलं तर मी आत जाऊन मापं घेत नाही आधी. भर दुपारी बाहेर उभा राहतो, जिथं लोक उभे राहतात तिथं.

परवा त्याच चेअरमनच्या पोराचा फोन आला. नवी संस्था, नवं ऑफिस, समोर सगळी काच. यंदाही पाऊस नाही, बाहेर गर्दी फार. "मिस्त्री, बाबांनी तुमचंच नाव सांगितलं. जुनं विसरून जा. आरसा लावायचाय."

मी विचारलं, "बाहेर झाड हाय का?"

"होतं. काढलं."

"आरसा मी लावत न्हाई. बाहेर मांडव घाला, पाण्याचे रांजण ठेवा, मंग साधी फिल्म लावून देतो. तुमी बी दिसताल, लोक बी दिसतील."

"मंग दुसरा मिस्त्री बघतो मी."

"बघा," मी म्हणालो. "तो लावून गेला की मी येतो. आत न्हाई, बाहेर. लोकांत उभा राहीन. दिवस बुडाला आणि तुमी आत दिवे लावले, की आरसा उलटतो. तुमाला तुमचं तोंड दिसतं आणि आमाला तुमी. तवर आमी जात न्हाई."