अंधाऱ्या खोलीतला दिवा

मालनअक्का साताऱ्याकडच्या. नवऱ्याला कारखान्यात नोकरी लागली म्हणून देवासला आल्या आणि पुढे आमच्या लॅबमध्ये फरशी पुसायला, काचेची भांडी धुवायला लागल्या. दिवेलागणीला त्या प्रत्येक खोलीतला दिवा लावून हात जोडत. तिन्हीसांजेला अंधार ठेवू नये, एवढंच त्यांचं म्हणणं. मी, योगेंद्र, नुकताच बी.एस्सी. झालेला दीडशहाणा, त्यांना हसायचो. त्या मला देवासच्या बोलीत 'भिया', म्हणजे भाऊ, म्हणत.

२००४ सालची गोष्ट. कन्नौदच्या उमाशंकर आणि मधुवंतीचं पहिलं बाळ सव्वा महिन्याचं असतानाच दगावलं होतं. दवाखान्यात कागदावर टिपलेला त्याच्या रक्ताचा एक वाळका थेंब तेवढा उरला होता. मधुवंतीला पुन्हा दिवस गेले होते. पहिल्याचा आजार आईबापांकडून आलेला होता का, हे त्या थेंबातल्या डीएनएवरून हैदराबादच्या मोठ्या लॅबमध्ये कळणार होतं. तो पुरेसा आहे की नाही, ते मात्र आधी आम्ही मोजायचं.

डीएनएला चिकटला की चमकणारा एक रंग असतो. जितकी चमक, तितका डीएनए. हा रंग उजेडात विटतो, म्हणून नळीला चांदीचा कागद गुंडाळतात. मी दुपारी डीएनएचं प्रमाण आधीच ठाऊक असलेल्या नमुन्यांवर यंत्र जुळवून घेतलं आणि उरलेला रंग आळसाने तसाच उघडा अंधाऱ्या खोलीत ठेवून चहाला गेलो. संध्याकाळी परत येऊन थेंबातला डीएनए मोजला. चमक जवळजवळ नाहीच.

बाहेर बाकावर उमाशंकर आणि मधुवंती बसली होती. पुरेसा नाही, असं सांगायला मी उठलो, तर अक्का दारात. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या.

"भिया, गलती माझी आहे. तू चहाला गेलास तेव्हा मी त्या खोलीत दिवा लावला. तिथं अंधार ठेवायचा असतो हे ठाऊक होतं रे, पण हात आपसूक बटणावर गेला. फरशी पुसून होईस्तोवर दिवा चालूच होता. नोकरी गेली तर जाऊ दे, त्या पोरीला नाही म्हणू नको."

मला माझीच लाज वाटली. कागद गुंडाळायचा आळस माझा, आणि कबुली द्यायला आल्या त्या. थेंबातून काढलेल्या डीएनएतला थोडा भाग सुदैवाने शिल्लक होता. नवा रंग कालवला, कागद गुंडाळला, यंत्रही त्या ठाऊक नमुन्यांवर पुन्हा जुळवलं. अक्का अंधारात माझ्याशेजारी उभ्या राहिल्या. आकडा आला. पाठवण्याजोगा होता.

मी नॅनोग्रॅम वहीत लिहीपर्यंत अक्का बाहेर पोचल्यासुद्धा. मधुवंतीच्या डोक्यावरून हात फिरवत सांगत होत्या, "आहे गं बेटा. पुरेल इतकं आहे तुझं बाळ."